घर बघून नाव द्या, असं पुन्हा म्हणू नका

मुंबईतल्या मराठी मंडळ्यांचे पाळकसाहेब आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिट्यांवरचे सर्व वडीलजन यांना,

सलाम.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळीत ‘नूतनीकरण’ असं शीर्षक असलेला एक छापील कागद वाटला गेला. उपासना दहाऐवजी साडेआठला ठेवावी का, गीतं पडद्यावर दाखवावीत का, ऑर्गनच्या जोडीला गिटार आणि ड्रम घ्यावेत का, उपदेश वीस मिनिटांत आटपावा का, असे बारा प्रश्न होते. इतर मंडळ्यांतल्या नातेवाइकांकडूनही असंच काही कानावर येतं. तरुण येत नाहीत, बाकं रिकामी पडली, काहीतरी करायला हवं, ही तळमळ खरी आहे. मी कागद नीट भरून दिला. गिटारला माझी हरकत नाही, पडद्यालाही नाही. पण आपल्यात पुढारपण कुणाला मिळतं आणि कुणाला कधीच मिळत नाही, हा प्रश्न त्या बारांत नव्हता. तो विचारल्याशिवाय बाकीच्या बारांना काही अर्थ नाही, असं मला वाटतं. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

मी भायखळ्यात वाढले. महापालिकेच्या दवाखान्यात 31 वर्षं परिचारिका होते, आता निवृत्त आहे. कमिटीवर दोन मुदती काढल्या. तेव्हा जे सांगते ते खोलीत बसून पाहिलेलं आहे.

सहा वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. शनिवारची संध्याकाळ, व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या बैठकीच्या खोलीत, आम्ही सात जण. वार्षिक सभेआधी वडीलपणासाठी, म्हणजे मंडळीच्या पुढारीपदासाठी, नावं काढायची होती आणि इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. एका तरुणाचं नाव पुढे आलं. बत्तीस वर्षांचा, बँकेत नोकरीला. दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन पंखे लावायचा, गीतांची पुस्तकं बाकांवर मांडायचा. ढोलकीवर हात असा की कवी नारायण वामन टिळकांचं भजन सुरू झालं की म्हाताऱ्यांच्या माना डोलायच्या. शब्बाथ शाळेतली, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातली, पंचवीस मुलं त्यानं जवळजवळ एकट्यानं सांभाळली होती. नाव ऐकून कमिटीतले एक वडीलजन चष्मा पुसत म्हणाले, “मुलगा चांगलाच आहे. पण नाव देताना जरा घर बघून द्या.”

कुणी ‘म्हणजे काय’ असं विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं. त्याचे आजोबा मातंग समाजातून आलेले, वडील सफाई खात्यात, घरात इंग्रजी नाही. चहा आला. पुढचं नाव निघालं. मी वहीत लिहिलं, ‘सर्वानुमते चार नावे निश्चित झाली.’ ते वाक्य माझ्या अक्षरात आजही तिथे आहे. ‘सर्वानुमते’ या शब्दात माझंही मत होतं, कारण मी तोंड उघडलं नव्हतं.

त्या खोलीत माझं घर ‘चांगलं’ समजलं जायचं. माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आले. महारवाड्यातलेच. पण मिशनच्या शाळेत शिकले, मास्तर झाले, मिशनरी साहेबांच्या शिफारसपत्रावर मुंबईत नोकरी लागली, राहायला मिशनच्या कंपाउंडमध्ये दोन खोल्या मिळाल्या. आजी सांगायची, कंपाउंडच्या फाटकातून आत आलं की माणसाची चाल बदलायची. ज्यांना ती दोन खोल्यांची जागा मिळाली त्यांची मुलं इंग्रजी शाळेत गेली, नर्स झाली, क्लार्क झाली, कमिटीवर आली. ज्यांना नाही मिळाली ते चाळीत, झोपडपट्टीत राहिले आणि रविवारी मागच्या बाकावर बसले. तिसऱ्या पिढीत त्यालाच आपण ‘घर’ म्हणू लागलो. या ‘घरा’च्या पोटात जातच लपलेली आहे, तिच्यावर साहेबाच्या मर्जीचा लेप आहे आणि दोन्ही मिळून ‘खानदानी ख्रिस्ती’ असा शब्द तयार झाला आहे. हा शब्द मी लग्नाच्या बोलण्यांत असंख्य वेळा ऐकला आहे, वापरलाही आहे.

आमच्या व्हेस्ट्रीत एक खुर्ची आहे. सागवानी, रुंद हातांची, बैठक वेताची. वेत दोनदा नव्यानं विणून घेतला, पण खुर्ची बदलली नाही. ‘साहेबांची खुर्ची’ हे तिचं नाव. शेवटचा गोरा साहेब जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी पाळकांशिवाय तिच्यावर कुणी बसत नाही. तिच्यामागच्या भिंतीवर तसबिरी आहेत. गोऱ्या मिशनऱ्यांच्या तसबिरी मोठ्या, सोनेरी पट्टीच्या. त्यांच्यानंतरच्या देशी पाळकांच्या लहान, काळ्या पट्टीच्या. आणि ज्या बायबलबाई नागपाड्यापासून परळपर्यंत चाळीचाळींत चालत वचन सांगत फिरल्या, त्यांच्यातल्या एकीचीही तसबीर नाही. मी लहानपणापासून ती भिंत बघत आले आणि चाळिशी उलटेपर्यंत मला त्यात काही खटकलं नाही.

मिशनऱ्यांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघालं होतं. तरी ते राहिले. हॉल 1826 मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीनं गेले. त्यांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी शाळा काढल्या नसत्या तर माझ्या आजोबांच्या हातात पाटी आली नसती. पण त्यांनी सुवार्तेबरोबर आणखीही काही आणलं. पुढारी कसा असतो याचं एक चित्र आणलं. गोरा, इंग्रजी बोलणारा, बंगल्यात राहणारा, हिशेबाची वही आणि किल्ल्या स्वतःजवळ ठेवणारा. आणि आपण त्या चित्रात आपलं आधीचं चित्र मिसळलं. नगरला 1850 च्या दशकात ज्या पहिल्या देशी पाळकांना दीक्षा मिळाली ते हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक, दोघेही ब्राह्मण घराण्यांतून आलेले. पुढच्या दशकांत मंडळ्या भरल्या त्या महार आणि मांग कुटुंबांनी. या दोघांनी विश्वासासाठी फार सोसलं, घरंदारं सोडली. त्यांचा अनादर मला करायचा नाही. पण पहिलाच धडा काय मिळाला? व्यासपीठावर एक समाज, बाकांवर दुसरा.

आजही शब्बाथ शाळेत मुलांना आपण कुणाची नावं शिकवतो? नारायण वामन टिळक, पंडिता रमाबाई, बाबा पदमनजी, नीळकंठशास्त्री गोऱ्हे. ही नावं शिकवलीच पाहिजेत. पण गावकुसाबाहेर राहून, पाटलाचा मार खाऊन, विहिरीवर पाणी बंद झालेलं असताना ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्या आपल्याच पणज्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. मूल विचारतं, “आपल्यातलं कुणी नाही का?” मला एकदा एका मुलीनं हे विचारलं. मी तिला लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट सांगून वेळ मारून नेली.

‘आपल्यात जात नाही’ हे वाक्य आपण किती सहज म्हणतो. 1938 च्या जानेवारीत सोलापुरात ख्रिस्ती लोकांसमोर बोलताना बाबासाहेबांनी सांगितलं होतं की बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तींनी आपल्याला भारून टाकलं. आणि त्याच भाषणात हेही सुनावलं की दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते आणि ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढायला उभा राहिला नाही. प्रेमानं बोलणाऱ्या माणसाचं ते बोलणं होतं. आपण पहिला भाग नाताळच्या भाषणात घेतो, दुसरा सोडून देतो.

दुसरीकडे, 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाविरुद्ध आपण मोर्चे काढतो. अनुसूचित जातींचा दर्जा आधी फक्त हिंदूंना, 1956 मध्ये शिखांना, 1990 मध्ये बौद्धांना मिळाला. दलित ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच आहेत. 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला तेव्हा आपण निवेदनं दिली. मीही सही केली. त्या निवेदनांत आपण काय म्हणतो? धर्म बदलला तरी जात सुटत नाही, आम्ही अजूनही सोसतो. मोर्चात हे ओरडून सांगायचं आणि व्हेस्ट्रीत येऊन ‘आपल्यात कुठे जात’ म्हणायचं, हे दोन्ही एका तोंडानं कसं बोलता येईल? सरकारला आपण खरं सांगत असू, तर मंडळीलाही सांगू या.

आता वर्णाविषयी. जात हा आपला प्रश्न, काळं-गोरं हा अमेरिकेचा, असं कुणी म्हणेल. जोतीराव फुल्यांना तसं वाटलं नव्हतं. 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिताना त्यांनी ते पुस्तक निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या पुण्याच्या माळ्याला दीडशे वर्षांपूर्वी दोन्ही दुःखं एकाच जातकुळीची दिसली. मार्टिन ल्यूथर किंग 1959 मध्ये भारतात आले तेव्हा केरळातल्या एका शाळेत त्यांची ओळख ‘अमेरिकेतला एक अस्पृश्य बांधव’ अशी करून दिली गेली. त्यांना आधी धक्का बसला, रागही आला. मग त्यांनीच पुढे आपल्या मंडळीला सांगितलं की होय, मी अस्पृश्यच आहे. रविवारी सकाळी अकराचा तास हा अमेरिकेतला सगळ्यांत विभागलेला तास आहे, असंही ते म्हणत. आपली उपासना दहाची. आपण एकाच छताखाली बसतो, त्यामुळे भिंत चटकन दिसत नाही. ती बाकांच्या रांगांमध्ये आणि कमिटीच्या यादीत आहे.

आणि खरोखरचा रंगही आहेच. नाताळच्या नाटकात मरिया नेहमी कुणाची मुलगी होते? गोऱ्या मुलीला मरिया, उजळ मुलाला देवदूत, काळ्या पोरांना हेरोदाचे शिपाई आणि मेंढपाळ. बाळ येशूला भेटायला येणाऱ्या मागी लोकांत एक ‘काळा राजा’ असतो, तोही काजळ फासून. पंधरा वर्षं मी त्या मुलांना कपडे चढवले. एका वर्षी एक सावळी, दाट केसांची मुलगी मरियेची सगळी वाक्यं पाठ करून आली होती, आणि तिला आम्ही मेंढरू केलं. कापसाच्या टोपीखाली ती पूर्ण वेळ मरियेची वाक्यं ओठांत म्हणत होती. ती मुलगी आज आपल्या चर्चमध्ये येत नाही, आणि तुम्ही तिला ‘तरुणांची अनास्था’ म्हणता.

गेली चार वर्षं आमच्याकडे मिझोरमची एक मुलगी येते. उपनगरात एका सलूनमध्ये काम करते. रविवार हा सलूनचा गर्दीचा दिवस, म्हणून मालकिणीकडून दोन तासांची सवलत मागून येते. मराठी येत नाही. आपली गीतं तिनं एका वहीत रोमन अक्षरांत उतरवून घेतली आहेत. तिच्या पिशवीत मिझो गीतांचं पुस्तक असतं, सारेगमसारख्या सोल्फा अक्षरांत छापलेलं, आणि ते बघून ती चार आवाजांतला कुठलाही आवाज उचलते. नाताळला आमच्या गायकवृंदाला तिनं अल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, शिकवला. टाळ्या पडल्या. नंतर अंगणात केक वाटताना एक पोरगं तिला ‘चायनीज’ म्हणालं आणि पोराची आई हसली. कोरोनाच्या पहिल्या वर्षी ईशान्येकडच्या मुलांना याच शहरात रस्त्यावर काय काय ऐकावं लागलं ते तुम्हाला आठवत असेल. तिचा आवाज आपण घेतला. गायकवृंदाच्या कमिटीवर तिला घ्यावं असं मी सुचवलं तर उत्तर आलं, “ती काय, आज आहे उद्या नाही.” चार वर्षं झाली, ती आहेच.

आता नूतनीकरणाकडे येते. आपल्याच मातीत ते एकदा झालेलं आहे, आणि ते कुठून सुरू झालं हे बघण्यासारखं आहे.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे झाला. तिथल्या मठातल्या भगिनींनी दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंना ती नको होती, संस्कृत हवी होती. देव लॅटिनमध्ये जास्त जवळ येतो हे त्यांना मान्य नव्हतं. त्या इंग्लंडात पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणार असं कळल्यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. त्यालाही त्यांनी ताठ मानेनं उत्तर दिलं. गोऱ्या पुढारपणासमोर उभी राहिलेली ही बाई. 1889 मध्ये तिनं मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन काढलं, तेव्हा उच्चवर्णीय विधवा डोळ्यांसमोर होत्या. मग 1896-97 चा दुष्काळ आला, 1900 चा आला. मध्य प्रांतातून, गुजरातेतून भुकेनं वाळलेल्या मुली गाड्या भरभरून केडगावला रमाबाईंच्या आश्रमात आल्या. कुठल्या जातीच्या, कुठल्या बोलीच्या, कुणी विचारायला वेळ नव्हता. एकत्र स्वयंपाक, एकत्र पंगत, एकत्र दळण.

1905 च्या जूनअखेर केडगावच्या या आश्रमात, मुक्तिसदनात, जी धार्मिक जागृती सुरू झाली ती या मुलींमध्ये. रमाबाई प्रार्थनेला मुलींना बोलावत होत्या, वेल्समधल्या आणि खासी टेकड्यांतल्या जागृतीच्या बातम्या येत होत्या, हे सगळं खरं. पण ती आग लागली मुलींच्या झोपायच्या खोल्यांत, व्यासपीठावर लागली नाही. रात्री उठून रडत, मोठमोठ्यानं प्रार्थना करत असलेल्या त्या पोरींना कुणी ‘घर’ विचारू शकत नव्हतं. घरं दुष्काळात गेली होती. मग रमाबाईंनी त्यांच्या टोळ्या करून गावोगाव पाठवल्या, वचन सांगायला. काल भाकरीसाठी हात पसरणारी पोर आज साक्ष देत होती. मिनी अब्रॅम्स या मुक्तीतल्या अमेरिकन बाईंनी 1906 मध्ये याची हकीकत छापली, ती वाचून चिलीमध्ये 1909 ला मोठी जागृती झाली. केडगावच्या अनाथ मुलींमुळे दक्षिण अमेरिकेतल्या मंडळ्या हलल्या! आपण मात्र रमाबाईंचं नाव घेतो आणि मुलींना विसरतो.

याच रमाबाईंनी, संस्कृतसाठी भांडलेल्या रमाबाईंनी, शेवटची वर्षं पवित्र शास्त्राचं साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. हिब्रू आणि ग्रीक शिकून. कारण आधीच्या भाषांतरातली संस्कृतप्रचुर मराठी त्या मुलींना कळत नव्हती. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही मुलीच. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे. ज्ञानात मुरलेल्या शास्त्र्याच्या मुलीनं आपली लाडकी भाषा बाजूला ठेवली, कारण समोर बसलेली माणसं बदलली होती.

त्याच सुमारास अमेरिकेत विल्यम सीमूर नावाचा काळा उपदेशक होता. आईबाप गुलामगिरीत जन्मलेले. 1906 च्या सुरुवातीला ह्यूस्टनमध्ये एका गोऱ्या शिक्षकाच्या बायबल वर्गाला तो गेला, तर तिथल्या कायद्यामुळे त्याला गोऱ्यांबरोबर बसता येईना. दाराबाहेर बसून त्यानं धडे ऐकले. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या एका मोडक्या इमारतीत त्याच्या पुढारपणाखाली काळे, गोरे, मेक्सिकन एकत्र गुडघे टेकू लागले, आणि पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारी, जगभर पसरलेली पेंटेकॉस्टल चळवळ तिथून वाढली. शिक्षक बघायला आला तेव्हा काळ्या-गोऱ्यांचं ते मिसळणंच त्याला सहन झालं नाही. पुढे काही वर्षांत गोऱ्या पाळकांनी आपल्या वेगळ्या संस्था केल्या. दाराबाहेर बसून शिकलेला माणूस! हे वाचताना मला पंढरपूरची चोखोबाची पायरी आठवली. आपले पूर्वज ज्या पायरीवरून उठून आले, तीच आपण व्हेस्ट्रीच्या दारात बांधावी?

आणि शास्त्र तर आपल्या हातातच आहे. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जात होतं. प्रेषितांनी काय केलं? ‘प्रार्थनेत ठेवतो’ म्हटलं नाही. सात जण निवडले, आणि त्या सातांची नावं बघा: स्तेफन, फिलिप्प, नीकलाव, सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हातात वाटणी दिली. लगेच पुढच्या वचनात लिहिलंय की देवाचं वचन वाढत गेलं आणि शिष्यांची संख्या फार वाढली. तेराव्या अध्यायात अंत्युखियाच्या मंडळीचे पुढारी येतात. बर्णबा कुप्राचा, लूक्य आफ्रिकेतल्या कुरेनेचा, मनाएन हेरोदाबरोबर वाढलेला, शौल शिकलेला परूशी, आणि एक शिमोन, ज्याला निगेर म्हणत. निगेर म्हणजे काळा. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा ज्या गावात मिळालं, तिथल्या कमिटीची ही यादी. आपल्या कमिटीच्या यादीशेजारी ठेवून वाचा.

खुर्ची सोडता येते, हेही मुंबईनं पाहिलं आहे. आपल्या कॅथलिक भावंडांचे आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज, जेझुइट संघाचे धर्मगुरू. त्यांनी 1946 मध्ये मुंबई सोडली, म्हणजे भारतीय माणसाला धर्मप्रांत चालवता यावा. 1950 मध्ये रीतसर राजीनामा झाला आणि व्हॅलेरियन ग्रेशस आर्चबिशप झाले. गोऱ्या साहेबानं आपणहून खुर्ची रिकामी केली. आपल्याला त्या मानानं फार थोडं सोडायचं आहे.

ढोलकीवाल्या त्या तरुणाविषयी सांगायचं राहिलं. पुढच्या वर्षभरात तो यायचा बंद झाला. आता कल्याणच्या पलीकडे शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या हिंदी फेलोशिपमध्ये, एका स्वतंत्र मंडळीत, जातो, तिथे उपासना चालवतो. मी भेटायला गेले होते. त्या जागाही स्वर्ग नाहीत. तिथे पाळक, त्याची बायको आणि मेहुणा यांच्याच हाती सगळं असतं, हिशेब कुणी विचारत नाही. तो हे जाणतो. मी विचारलं, मग गेलास का? म्हणाला, “मावशी, इथे मला कुणी आडनाव विचारून मग हात मिळवत नाही.” मी त्याला ती वही, ते ‘सर्वानुमते’, सांगितलं. त्याला सगळं आधीच माहीत होतं. तरी त्यानं मला स्टेशनपर्यंत सोडलं.

तुमच्याकडे मागणं काय? नावं काढताना दार बंद ठेवू नका. नामनिर्देशन मंडळीसमोर होऊ द्या, आणि एखादं नाव गळलं तर का गळलं ते वहीत लिहा. ‘घर’ हे कारण लिहायला कुणाचा हात धजणार नाही, एवढं तरी होईल. एका कुटुंबानं तीन-तीन पिढ्या खजिनदारपद धरून ठेवू नये. दोन मुदतींनंतर थांबावं. व्यासपीठावरून वचन वाचायला इंग्रजी शाळेतलीच मुलं का, सफाई खात्यातल्या भावाला बोलवा; अडखळेल, अडखळू दे. जुन्या नोंदवह्या, बाप्तिस्म्याची रजिस्टरं उघडा आणि त्या बायबलबायांची, त्या पहिल्या महार-मांग कुटुंबांची नावं शोधून शब्बाथ शाळेत शिकवा. तसबिरींचं काम मी स्वतः करीन, फ्रेमचा खर्चही माझा. सगळ्या एका मापाच्या. आणि पाळकसाहेब, एका रविवारी तरी उपदेशात ‘जात’ हा शब्द उच्चारा. हिंदूंची जात, गावाकडची जात असं म्हणू नका. आपली, या बाकांवरची.

यामुळे काहीजण दुखावतील, हे मला माहीत आहे. मंडळीत फूट पडेल असं म्हणतील. माझ्या घरातही हे पत्र वाचून दोन दिवस कुणी नीट बोललं नाही. ज्येष्ठांनी या चर्चसाठी खस्ता खाल्ल्या, पावसात गळणारं छप्पर पदरच्या पैशानं बांधलं, हे मी विसरलेले नाही. त्यातल्या कित्येकांच्या शेवटच्या आजारात मी त्यांच्या उशाशी बसले आहे. त्यांच्याविषयी माया आहे म्हणूनच हे त्यांच्या हयातीत बोलायला हवं.

आमच्या मंडळीची वार्षिक सभा येत्या महिन्यात आहे. त्या तरुणाची धाकटी बहीण अजून येते. भावानंतर शब्बाथ शाळा तिनंच उचलून धरली. वडीलपणासाठी माझं नाव यादीत आहे असं कळलं, ते मी मागे घेते आहे. त्या जागी तिचं नाव मी सभेत उभं राहून सुचवणार आहे, आणि गायकवृंदाच्या कमिटीसाठी मिझोरमच्या त्या मुलीचं. दोन्ही नावांना अनुमोदन लागेल. व्हेस्ट्रीतल्या त्या संध्याकाळी माझ्याबरोबर जे सहा जण बसले होते, त्यांतले चार आजही मंडळीत आहेत. त्यांच्यापैकी कुणी हात वर करावा, अशी माझी विनंती आहे.

ख्रिस्तात तुमची बहीण,
एक सभासद, भायखळा